चार मार्क कमी करा

"मॅडम, माझे चार मार्क कमी करा."

"काय करू?"

"कमी करा. त्र्याहत्तर दिलेत, ते एकोणसत्तर करा."

"अगं, लोक मार्क वाढवून मागतात."

"लोकांचं लोकांपाशी. माझ्याकडे चार जास्त आलेत, मी परत करतेय. घ्या ना."

गणिताच्या मॅडमनी चष्मा काढला, पदराने पुसला, परत घातला आणि समोर उभ्या मुलीकडे नीट पाहिलं. चष्म्याचा दोष नव्हता. मुलगी खरंच तेच म्हणत होती. स्टाफरूममधल्या बाकीच्या सरांचे चहाचे कप तोंडापाशीच थांबले.

ही मुलगी म्हणजे आमची बारकी. माझी धाकटी बहीण, आठवीत आहे. अंगाने बारीक म्हणून बारकी. आवाजाने अजिबात नाही.

झालं होतं असं. गणिताच्या पेपरात सातवा प्रश्न छापण्यात गंडला होता. त्रिकोणाच्या तीन कोनांची बेरीज दोनशे दहा होत होती. असला त्रिकोण जगात कुणाला काढता येत नाही, म्हणून शाळेने सगळ्या वर्गाला त्या प्रश्नाचे चार मार्क फुकट वाटले. काही पोरं नाचली. बारकी तोंड पाडून बसली, कारण सातवा प्रश्न तिने सोडून दिला होता. तो चुकलाय हे तिला पेपर वाचतानाच कळलं होतं. तिला एकतीस मार्क घालवायचे होते, त्यातले चार आयतेच गेले, असा तिचा हिशोब. आणि शाळेने ते चार घरपोच आणून दिले.

एकतीस मार्क का घालवायचे, तेही सांगतो. आमच्या शाळेत नियम असा, की गणितात सत्तर गाठलेत की तुम्ही प्रगत वर्गात. फलकावर लिहिलंय 'प्रगत वर्ग', पोरं त्याला कोंडवाडा म्हणतात. रोज शाळा सुटल्यावर चार ते सहा. खिडक्या बंद, पंखा एक, आणि जे सकाळी शिकवलं तेच परत, जरा मोठ्या आवाजात.

आणि बारकीचे चार ते सहा आधीच गेलेले असतात. मामाचं मोटर रिवाइंडिंगचं वर्कशॉप आहे. जळलेल्या मोटरमधली जुनी तार काढायची, नवी तांब्याची तार गुंडाळून बसवायची, मोटर परत फिरती करायची, हे आमचं काम. मी पूर्ण वेळ तिथेच असतो. बारकी दोन वर्षांपूर्वी नुसती बघायला आली आणि वाइंडिंगच्या टेबलावर बसली ती उठलीच नाही. केसासारखी तार असते, एका कॉइलला साडेतीनशे फेरे. एक फेरा कमी पडला तरी मोटर कुरकुरते. मी शंभराच्या पुढे गेलो की रस्त्यावरून कोण चाललंय ते बघतो आणि आकडा विसरतो. बारकी गप्पा मारत गुंडाळते आणि तीनशे पन्नासला हात थांबतो. मामा कुणाचं कौतुक करत नाही. तिच्या कॉइलकडे बघून तो "हं" म्हणतो. मला अजून एकही हं मिळालेला नाही.

तर मॅडम म्हणाल्या, "मार्क कमी करायचा नियम नाही. ऑफिसात विचार."

ऑफिसातल्या क्लार्ककाकांनी कपाट उघडलं, तीन ड्रॉवर उघडले, एक ड्रॉवर अडकला. "फेरतपासणीचा अर्ज आहे बघ. कमी करण्याचा नाही. इतक्या वर्षांत कुणी मागितलाच नाही."

"मग हाच भरते. कारणाच्या रकान्यात काय लिहू?"

"'माझ्यावर अन्याय झाला आहे' असं छापलेलंच आहे. खाली सही कर."

"अन्याय झालाच आहे," बारकी म्हणाली आणि सही केली.

आता इथे तिची पहिली चूक झाली. तिला वाटलं पेपर परत मॅडमकडेच जाईल. मॅडमचा हात तिला पाठ आहे. शेवटचं उत्तर चुकलं की मॅडम अख्खा भोपळा देतात, वर काय लिहिलंय ते बघतसुद्धा नाहीत. त्यामुळे बारकी पूर्ण गणित बरोबर सोडवते आणि शेवटच्या ओळीत आकडा बदलते. पण फेरतपासणी दुसऱ्याने करायची असते. पेपर गेला नववीच्या सरांकडे. सर मऊ माणूस. पायऱ्यांना मार्क देणारा. त्यांनी तीन गणितांत दोन-दोन मार्क वाढवले आणि समासात लाल शाईने लिहिलं, 'हुशार मुलगी. घाईत चुकते. शाबास.'

त्र्याहत्तरचे एकोणऐंशी झाले.

शुक्रवारी दुपारी बारकी परत स्टाफरूमच्या दारात. "सर, ती तिन्ही उत्तरं चुकलीत."

"हो बाळा, पण पद्धत बरोबर आहे ना."

"पद्धत बरोबर आहे म्हणूनच तर चुकवता आली. मी मुद्दाम चुकवलीत."

सर मऊ असले तरी शेजारी मॅडम बसल्या होत्या. "मुद्दाम? म्हणजे आम्ही रात्र रात्र पेपर तपासतो ती तुमची गंमत? उद्या पालकांना घेऊन ये."

संध्याकाळी ती वर्कशॉपला आली तेव्हाच मला हे सगळं कळलं. तिने सांगितलं आणि मी हसलो. मामा नाही हसला. त्याने हातातला पाना खाली ठेवला.

"सोमवारपासून तुझा तो वर्ग सुरू होणार?"

"हो."

"मग बारके, सरळ सांगतो. या टेबलाला रोज बसणारं माणूस लागतं. कामं ओळीने पडलीत. तू नाही तर मला दुसरं कोणी बघावं लागेल."

बारकी टेबलाकडे वळली. कॉइल पूर्ण केली, टेबलावरचे तारेचे तुकडे हाताने गोळा केले आणि टेबल पुसलं. टेबल ती कधी पुसत नाही. मला ते बघवलं नाही, म्हणून मी तिच्यावरच ओरडलो, "एवढी अक्कल आहे तर पालक आणायची वेळ कशी आणलीस?"

"तू ओरडू नकोस. तू उद्या येणार आहेस."

"मी?"

"आईची हॉस्पिटलात दिवसपाळी आहे, बाबा ट्रक घेऊन गेलेत ते बुधवारी येतील. मामा शाळेत गेला तर 'हं' म्हणून परत येईल. राहिलं कोण?"

ज्या शाळेच्या फाटकातून मी नववीत बाहेर पडलो आणि परत आत पाय ठेवणार नाही असं मोठ्याने सांगून आलो होतो, त्याच फाटकातून शनिवारी सकाळी मी मामाचा इस्त्रीचा शर्ट घालून आत गेलो. शर्टाच्या बाह्या मला बोटांपर्यंत येत होत्या.

मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, टेबलामागे बसल्या होत्या. मला बघून त्यांनी पेनाचं टोपण लावलं.

"तू?"

"पालक म्हणून आलोय."

"तुझेच पालक बोलावता बोलावता माझे हात दुखले. आता तू पालक?"

"दिवस फिरतात, बाई."

"बस. बाह्या टेबलावरच्या शाईत जातायत."

खोलीत गणिताच्या मॅडम होत्या, नववीचे सर होते, आणि आणखी एक जण होते. शाळेने नुकतेच ठेवलेले समुपदेशक सर. त्यांच्या मागे भिंतीवर मोठा तक्ता होता, 'हुशार मुले मागे का पडतात?' खाली बारा कारणं, प्रत्येकाला वेगळा रंग. आत्मविश्वासाचा अभाव निळा, मोबाईल लाल, घरचं वातावरण हिरवं. बारकीला त्यांनी समोर बसवलं आणि मला विचारायला लागले.

"घरी भांडणं होतात का?"

"रोज."

सरांनी हिरव्यावर खूण केली. "कशावरून?"

"टीव्हीचा रिमोट, अंघोळीला आधी कोण, भाजीत मीठ. तुमच्याकडे नाही होत?"

"होतात. मुलीला रात्री झोप लागते का?"

"सर, तिला उठवायला दोन माणसं लागतात."

"अभ्यासाची भीती?"

"अभ्यासाला तिची असेल."

"सर," बारकी मध्येच म्हणाली, "मी आजारी नाहीये. माझे दहा मार्क कमी करा, मी जाते."

मोठ्या बाई एवढा वेळ निकालाचं मोठं रजिस्टर काढून बारकीच्या ओळीवर बोट फिरवत होत्या. बोट सरकत होतं आणि भुवया वर जात होत्या.

"एकोणसत्तर. अडुसष्ट. एकोणसत्तर. एकोणसत्तर. अडुसष्ट. एकोणसत्तर. एकोणसत्तर." त्यांनी रजिस्टर मॅडमकडे फिरवलं. "मॅडम, दोन वर्षं हे मार्क तुम्ही दिलेत?"

"मीच दिलेत."

"पेपर तपासून की अंदाजाने?"

मॅडम एकदम उभ्या राहिल्या. "बाई, एकवीस वर्षं झाली मला या शाळेत."

"म्हणून तर विचारतेय. कुठल्याही मुलाचे मार्क वर-खाली होतात. ताप येतो, पेपर अवघड जातो. ही काय इस्त्री केल्यासारखी सरळ रेघ आहे. एक तर तुम्ही पेपर न बघता आकडा टाकता, नाहीतर ही मुलगी कुणाकडून तरी कॉपी करते. दोन्हींपैकी काय ते आज ठरू दे. कॉपी असेल तर वर्षाचा निकाल रोखावा लागेल."

आता मी तापलो. बारकीने टेबलाखालून माझ्या पायावर पाय दिला, पण उशीर झाला होता.

"कॉपी? कुणाची कॉपी करणार? वर्गात एकोणसत्तर पडणारा दुसरा कोण आहे ते सांगा, मग करू कॉपी. अहो, शंभरातले बरोबर एकोणसत्तर मिळवायला आधी शंभर यावे लागतात. कुठल्या ओळीला किती मार्क, कुठे चुकलं की किती जातात, सगळं माहीत पाहिजे. मी चार वेळा पस्तीस मिळवायला गेलो आणि चारही वेळा एकतीसवर आपटलो. सोपं वाटतं काय तुम्हाला?"

समुपदेशक सर तक्त्यावर माझ्या वाक्याचा रंग शोधत होते.

मोठ्या बाईंनी कपाटातून जादा प्रश्नपत्रिका काढली. कधीच न वापरलेली, शंभर मार्कांची. बारकीसमोर ठेवली.

"सोडव. मला त्रेपन्न पाहिजेत. बावन्न नकोत, चौपन्न नकोत."

बारकीने पेपर उलटसुलट करून पाहिला. मग विचारलं, "तपासणार कोण? मॅडम की सर?"

"का?"

"मॅडमसाठी वेगळं लिहावं लागतं, सरांसाठी वेगळं."

सर खाली बघून हसले. मॅडम वर बघत राहिल्या.

"दोघंही तपासतील," मोठ्या बाई म्हणाल्या. "वेगवेगळे. दोघांचे त्रेपन्न आले पाहिजेत."

"मग अर्धवट काही लिहून चालणार नाही," बारकी स्वतःशीच पुटपुटली. पेनाचं टोक दातात धरून तिने प्रश्नपत्रिकेवरून डोळे फिरवले. कॉइलचे फेरे मोजताना हलतात तसेच तिचे ओठ हलत होते. मग ती लिहायला लागली. दोन प्रश्न सोडले, एक लिहिला, एकातला फक्त अ भाग लिहिला, पुढची दोन पानं कोरी. पाऊण तासात पेन खाली. मधल्या वेळात क्लार्ककाका काही ना काही निमित्ताने चार वेळा आत येऊन गेले. चौथ्या वेळी तर रिकाम्या हातानेच आले.

मॅडमनी त्या पेपरची एक झेरॉक्स घेतली, सरांनी दुसरी. दोघं दोन कोपऱ्यांत पाठ करून बसले. मी नखं खात होतो. बारकी खिडकीतून पंख्याकडे बघत होती, बाहेरच्या वर्गातल्या. "आवाज करतोय," ती माझ्या कानात म्हणाली. "बेअरिंग गेलंय."

"तुझं वर्ष जाईल इथे, पंखा काय बघतेस?"

मॅडमनी आधी पेपर ठेवला. बेरीज त्यांनी तीनदा केली होती, शाईवरून कळत होतं. "त्रेपन्न."

सरांनी हळूच आपला ठेवला. "चौपन्न."

मोठ्या बाईंनी बारकीकडे पाहिलं. बारकी उठली, सरांच्या पेपरवर वाकली आणि एका जागी बोट ठेवलं. "हा कशाचा दिलाय?"

सर ओशाळले. "ते आपलं... अक्षर सुबक आहे म्हणून एक."

"प्रश्नपत्रिकेत अक्षराला मार्क छापलेत का?" मोठ्या बाईंनी विचारलं.

"नाही."

"मग काढा तो."

सरांनी एक मार्क काढला. त्रेपन्न. अख्ख्या शाळेत मार्क कमी झाल्यावर एवढा आनंद कुणाला झाला नसेल. मी टेबलावर हात आपटला आणि मामाच्या शर्टाची बाही शाईत गेली.

मोठ्या बाईंनी ते दोन पेपर शेजारी शेजारी ठेवले. मग अगदी खालच्या आवाजात त्यांनी बारकीला विचारलं, "का गं? एवढी मेहनत नापास व्हायला नाही, पास व्हायला नाही. मग कशाला?"

"चार ते सहासाठी," बारकी म्हणाली. आणि मग तिने वर्कशॉप सांगितलं, टेबल सांगितलं, साडेतीनशे फेरे सांगितले. सोमवारी टेबल जाणार हे सांगताना तिचा आवाज जरा चिरकला, म्हणून ते तिने भराभर सांगून टाकलं.

समुपदेशक सरांनी तक्ता वरपासून खालपर्यंत वाचला. "बाई, हे कारण माझ्याकडे नाही."

"तुमच्याकडे कसं असेल," मी म्हणालो. बारकीचा पाय परत माझ्या पायावर आला, तो मी बाजूला केला. "मामाकडे काम नीट आणि लवकर झालं की मामा म्हणतो, जा घरी. काम बिघडलं की थांबायचं. इथे उलटं. ज्याला येतं त्याला दोन तास कोंडून ठेवता आणि ज्याला येत नाही त्याला घरी सोडता. मग कोण कशाला सत्तरच्या वर जाईल? मूर्ख आहे का कोणी?"

मॅडम म्हणाल्या, "तोंड सांभाळ." पण मोठ्या बाईंनी हात वर केला. त्यांचं बोट परत रजिस्टरवर गेलं होतं. या वेळी आडवं नाही, उभं. मागच्या परीक्षेच्या रकान्यात, आठवीच्या अख्ख्या यादीवरून.

"अडुसष्ट. एकोणसत्तर. सदुसष्ट. एकोणसत्तर. अडुसष्ट..." त्या मोजत गेल्या. "मॅडम, बेचाळीसच्या वर्गात पासष्ट ते एकोणसत्तरमध्ये एकोणीस मुलं आहेत. सत्तर ते पंचाहत्तरमध्ये एक. तो कोण?"

"तो नवीन आलाय, बाई," बारकी म्हणाली. "त्याला कुणी सांगितलं नव्हतं."

मॅडम मटकन खाली बसल्या. दोन वर्षं ज्या वर्गाला त्या मध्यम समजत होत्या, त्यातला अर्धा वर्ग मार्क मोजून मापून सांडत होता. मग मला वाटलं त्या रडणार. त्या हसायला लागल्या. आधी बारीक, मग चष्मा काढून.

शनिवारीच त्या एकोणीस जणांना एकेक करून आत बोलावलं. एक पोहायला जातो. एक आजोबांना फिरवून आणतो, आजोबा दुसऱ्या कुणाबरोबर जात नाहीत. एकीला चित्रं काढायची असतात. एक जण प्रामाणिकपणे म्हणाला, "मी झोपतो." समुपदेशक सरांनी तक्त्याच्या तळाला 'इतर' लिहिलं, ते पुरेना म्हणून मागची बाजू घेतली.

सोमवारी फलकावर नोटीस लागली. प्रगत वर्ग बंद. चार ते सहाचा वर्ग ज्याला गणित अडतंय त्याच्यासाठी, आणि त्याने विचारलेलंच शिकवायचं. ज्याला नव्वद किंवा वर मार्क, त्याला शेवटचा तास माफ. खाली मोठ्या बाईंनी हाताने लिहिलं होतं, 'मुद्दाम चुकल्यास कळेल.'

बारकीने मामाला नोटीस वाचून दाखवली. मामा म्हणाला, "हं." टेबल तिचंच राहिलं. वर रोजचा पाऊण तास जास्त मिळायची सोय झाली. फक्त नव्वद आणायचे होते.

पुढच्या परीक्षेत आठवीत सोळा जण नव्वदच्या वर गेले. बाहेरून आलेले तपासनीस साहेब मॅडमना म्हणाले, असं काय शिकवलंत? मॅडम म्हणाल्या, "काही नाही. शिकवलेलं आधीच होतं."

आणि बारकीचा पेपर आज दुपारी मिळाला. मला वाटलं होतं बरोबर नव्वद आणेल, एकही जास्त नाही, ही बाई एक मार्क वाया घालवणारी नाही. तिने शंभरचा पेपर लिहिला होता. सगळा. एकही ओळ न सोडता.

अठ्ठ्याण्णव पडले.

मामाने दुकानातून थंड सरबत मागवलं. आईने हॉस्पिटलातून फोन केला आणि तिकडच्या सगळ्या नर्सना ऐकू जाईल इतक्या जोरात बोलली. बारकीने सरबताला हात लावला नाही. वाइंडिंगच्या टेबलावर तारेऐवजी तो पेपर पसरून ती बसली आहे. शेवटच्या पानावर दोन मार्कांचं गणित आहे, त्यावर मॅडमचा भोपळा.

"हे मी चुकवलेलं नाही," ती म्हणते.

"मग कुणी चुकवलं?"

"तेच तर. चूक दिसतच नाहीये. दादा, आजवर मी केलेल्या सगळ्या चुका मला तोंडपाठ आहेत. ही मी केलीच नाही आणि तरी आहे."

"नव्वद पुरले असते ना तुला? कशाला शंभरच्या मागे लागलीस?"

"गप बस. बघायचं होतं येतात का."

तासभर झाला. तीनदा तिने ते गणित नव्याने सोडवलं, तिन्ही वेळा त्याच जागी त्याच तऱ्हेने चुकली आणि तिन्ही वेळा मॅडमवर चिडली. मधूनच हसते पण, एकटीच. मी तिच्या खांद्यावरून पाहिलं. मला चूक दिसली. वरून तिसऱ्या ओळीत आहे, एकदम साधी, माझ्यासारख्याने करावी अशी.

सांगितलं तर ती मला मारेल. नाही सांगितलं तरी ओठ शिवशिवतायत, आणि आत्ताच तिने मान वळवून विचारलंय, "तू का दात काढतोयस?" मामा, ती पिठाच्या गिरणीची मोटर दे इकडे, मी पोचवून येतो. मला आता निघायलाच हवं.